चाळिशीत विंडमिल पिचिंग शिकताय, तेही पोरींना शिकवायला? मग या चुका टाळा

मागच्या वर्षी लेकीच्या सॉफ्टबॉल टीमसाठी पालकांकडून मदत हवी अशी ईमेल आली, मी मॅचला संत्री कापून आणते म्हणाले, आणि दोन आठवड्यांत कशी कोण जाणे पिचिंग कोच झाले. पिचिंग म्हणजे बॅटरला बॉल टाकणं, आणि विंडमिल म्हणजे पवनचक्कीसारखा हात पूर्ण गोल फिरवून खालून, अंडरआर्म टाकणं. न्यू जर्सीत राहून अकरा वर्षं झाली तरी सॉफ्टबॉलशी माझा संबंध लेकीच्या घाणेरड्या पँट धुण्यापुरताच होता. शाळेत सांगलीला खो-खो खेळलेय, तेवढ्या भांडवलावर वाटलं की अंडरआर्म तर टाकायचाय, त्यात काय एवढं. बॅकयार्डात पहिला बॉल टाकला तो सरळ माझ्या मागे, कुंपणापलीकडे शेजाऱ्यांच्या ट्रॅम्पोलिनवर. पुढे टाकलेला बॉल मागे कसा जातो हे कळायलाच मला आठवडा लागला. हात वरून मागे जात असतो तेव्हा डोक्यावर असतानाच पकड सुटली की बॉल मागेच जाणार, दुसरं काय होणार.

तर पहिली चूक हीच, पहिल्या दिवशी पूर्ण चक्र आणि पूर्ण अंतर. टेन-यू म्हणजे दहा वर्षांपर्यंतच्या पोरींना साधारण ३५ फुटांवरून टाकायचं असतं, ट्वेल्व्ह-यूला ४०, फोर्टीन-यूपासून पुढे ४३, तरी तुमच्या लीगचं एकदा बघून घ्या. आपण मोठी माणसं म्हणून थेट ३५ वर उभं राहतो, बॉल पोचवायचाय या टेन्शनमध्ये खांद्याने ढकलतो, आणि ती ढकलायची सवय मग महिनोन् महिने जात नाही. आठ-दहा फुटांवर जाळी किंवा जुनं जाड ब्लँकेट लटकवा, आडवे उभे राहा (उजव्या हाताने टाकत असाल तर छाती थर्ड बेसकडे, डावा खांदा जाळीकडे), हात मागे खांद्याच्या उंचीला आणि तिथनं फक्त खाली आणून सोडा. बास. मी असं तीन आठवडे केलं, बोअर झालं, पण बॉल मागे जायचा थांबला.

आता मोठी चूक, आणि इथे जरा थांबते कारण ही मी माझ्यापुरती ठेवली नाही, सात पोरींना शिकवली. जुने व्हिडिओ बघून मी शिकले की बॉल सोडताना मनगट झटकायचं आणि शेवटी कोपर कॅचरकडे (बॅटरच्या मागे बसून बॉल झेलते ती) दाखवायचं, हात वर खांद्याशी. याला हॅलो एल्बो म्हणतात, म्हणजे कोपराने कॅचरला नमस्कार. पोरींना हे फार आवडतं कारण पोझ छान दिसते. प्रॅक्टिसची पहिली दहा मिनिटं आम्ही एका ओळीत उभं राहून नुसती मनगटं झटकायचो, पालक फोटो काढायचे, मला वाटायचं काय मस्त चाललंय.

मग एकदा टीव्हीवर कॉलेजची मॅच लागली होती, मी सहज फोनवर ती स्लो मोशनमध्ये रेकॉर्ड केली आणि फ्रेम फ्रेम पुढे नेत बघत बसले. तिच्यात नमस्कार कुठेच नव्हता! बॉल सुटतो तेव्हा हात लांब खाली असतो, कोपर किंचित वाकलेलं, हाताची आतली बाजू कमरेला घासून जाते आणि त्याच क्षणी कोपरापासून पुढचा हात आत वळतो, कुलपात किल्ली फिरवतो तसा. मनगट मुद्दाम कोणी झटकत नाही, ते सैल असतं म्हणून आपोआप चाबकासारखं येतं. नंतर हात जिथे जायचा तिथे जातो, बहुतेक वेळा छातीसमोरून आडवा. कृष्णेच्या घाटावर चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत जावा म्हणून टाकायचो ना, हात बराचसा तसाच चालतो. हे कळल्यावर मी पोरींना मनगट, कोपर असले शब्दच बोलायचं बंद केलं, कडेला खडे टाकायला लावले आणि मग हातात बॉल दिला. टी-शर्टला हात घासल्याचा सर्र आवाज आला की बरोबर. ज्या पोरींनी मन लावून हॅलो एल्बो घोटलं होतं त्यांना ते सोडवायला सगळ्यात जास्त वेळ लागला, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

घोळात घोळ म्हणजे आमच्या घरातले क्रिकेटपटू. नवरा कडेला चहा घेऊन उभा, "कोपर सरळ ठेव, चकिंग होईल!" अहो, इथे थोडं वाकलेलं कोपरच हवंय. ताठ हात फिरवला तर शेवटचा फटकाराच येत नाही. क्रिकेटमधून आलेल्या बाबांना हे पटवणं अवघड असतं, आणि अंडरआर्म म्हटलं की त्यांना १९८१ चा, शेवटचा बॉल जमिनीवरून सरपटत टाकणारा ट्रेव्हर चॅपल आठवतो आणि तेच ते हसणं सुरू होतं. असो.

बॉल कुठे जातोय त्यावरून चूक ओळखायला शिका, कारण पोरींना नुसतं "स्ट्राइक टाक ना" ओरडून काही होत नाही, उलट ती पोर घाबरून हात हळू करते, नेम धरायला लागते आणि चार बॉल बॅटरच्या टप्प्याबाहेर पडून बॅटर चालत फर्स्ट बेसवर. बॉल सतत कॅचरच्या डोक्यावरून जातोय तर तो उशिरा सुटतोय, हात कमरेच्या पुढे निघून गेल्यावर. पुढ्यात जमिनीत आपटतोय तर लवकर सुटतोय. डावी-उजवीकडे भरकटतोय तर आधी हात बघू नका, पाय बघा, पुढचं पाऊल कॅचरच्या सरळ रेषेत पडतंय का? उजव्या हाताची पोर पाऊल उजवीकडे आडवं टाकत असेल तर तिचीच कंबर तिच्या हाताच्या वाटेत येते, हात वळसा घालून जातो, मग बॉल कुठे जाईल ते देवाला माहीत. मी मैदानात चुन्याने एक रेघ मारते, अर्धं कोचिंग ती रेघच करते. नवीन पोरीला आधी जोरात टाकू द्या, जाळीत, नेम नंतर. हळू फिरवलेल्या हाताचं टायमिंग जोरात टाकताना उपयोगी पडत नाही.

वाकणं! ही माझी खास खो-खोवाली चूक. जोर लावायचा म्हणजे पुढे झुकायचं हे अंगातच भिनलेलं, म्हणून मी प्रत्येक बॉलला चाफ्याच्या फांदीसारखी वाकायचे आणि माझं बघून लेकही वाकायला लागली. नीट टाकणारी पिचर पाऊल टाकताना झेप घेते, पण पुढचा पाय टेकला की तो पाय घट्ट आणि अंग सरळ, जरासं मागेच. आपली एसटी कचकन ब्रेक मारते तेव्हा उभी माणसं कशी पुढे फेकली जातात, तसं, अंग थांबतं म्हणून हात सुटतो. एसटीच थांबली नाही तर कोण कशाला फेकलं जाईल? पोरींना एसटी माहीत नाही, त्यांना मी स्कूल बस सांगते. मागचा पाय मात्र सोबत घसटत येऊ द्या. तो उचलून मध्येच पुन्हा रोवून दुसरा जोर लावला की त्याला क्रो हॉप म्हणतात, ते इल्लीगल आहे, आणि अंपायरने ते नेमकं मॅचमध्ये पकडलं की पोर रडते.

आणि खांदा. "अंडरआर्म नॅचरल आहे, त्याने खांदा दुखत नाही" असं कोणीही सांगितलं तर ऐकू नका, खांद्याच्या पुढच्या बाजूला जिथे बायसेप्स येऊन मिळतो तिथे चांगलाच ताण येतो. मी उत्साहात पहिल्या शनिवारी ऐंशीएक बॉल टाकले, रविवारी वरच्या फळीवरचा डाळीचा डबा काढता येईना. आता तीस, तेही आधी खांदे मोकळे करून, आणि दुखलं की बंद, आपण एकवीस वर्षांचे नाही आहोत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत ४१३ पिच (म्हणजे बॉल) टाकून गोल्ड आणलं ही गोष्ट पोरींना जरूर सांगा, पण दोन मॅच सलग एकाच पोरीकडून टाकून घ्यायला ती वापरू नका. प्रत्येक पोरीचे पिच मोजायला माणूस ठेवा, प्रॅक्टिसची सुद्धा.

राइज बॉल (वर उठणारा), कर्व्ह (आडवा वळणारा) वगैरे यूट्यूबवर बघून पोरी मागतात, नाही म्हणा. फास्टबॉल आणि चेंजअप (तशाच ॲक्शनने टाकलेला हळू बॉल) एवढंच या वयात भरपूर, आणि चेंजअपसुद्धा फास्टबॉल सरळ जायला लागल्यावर. ग्रिपचंही तेच, टेन-यूचा ११ इंची बॉल क्रिकेटच्या बॉलपेक्षा दोन इंच जास्त गोलाईचा असतो, आपण दोन बोटांनी धरतो म्हणून त्या पिटुकल्या हाताला तसंच लावू नका, तीन काय चार बोटं असली तरी चालतील.

शेवटचं, बादली. इथे पालक उलट्या बादलीवर बसून कॅच घेतात, मीही बसले, पॅड न घालता, कारण नऊ वर्षांची पोर किती जोरात टाकणार. टप्पा पडलेला बॉल नडगीवर बसला, हिरवं-निळं झालेलं दोन आठवडे होतं आणि ऑफिसमध्ये सगळे विचारत होते. शिन गार्ड घाला, नाहीतर बादलीवर बसू नका, जाळी लावा आणि पोरीच्या बाजूला उभ्या राहा, तसंही तिथूनच नीट दिसतं.