घरी तीन इयत्ता चालवताय? मग या चुका टाळा

दर मे महिन्यात कुणा ना कुणाचा फोन येतोच. "ताई, यंदा दोघांनाही शाळेतून काढून घरीच शिकवणार आहोत. तुमचं वेळापत्रक पाठवाल का?" घरातले आंबे संपलेले नसतात, मुलांना अजून काही सांगितलेलंही नसतं, पण वेळापत्रक आधी हवं. चिडचिड होते माझी. कारण पहिली चूक नेमकी तीच आहे आणि ती मीही केलेली आहे.

२०२० च्या जूनमध्ये आम्ही सुरुवात केली तेव्हा थोरली पाचवीच्या वयाची होती, मधला तिसरीच्या आणि धाकटी जेमतेम पाच वर्षांची. मी कार्डशीटवर तीन रंगांच्या स्केचपेननी तक्ता केला. प्रत्येकाला रोज सहा तास, एक तास पस्तीस मिनिटांचा. तास संपला की देवघरातली घंटा वाजवायची, म्हणजे जरा शाळेचं वातावरण! तिसऱ्या दिवशी नवरा चहाचा कप घेऊन तक्त्यासमोर उभा राहिला आणि तोंडी हिशेब करून म्हणाला, "अठरा तास झाले. म्हणजे साडेदहा घड्याळी तास. स्वयंपाक कधी करणार आहेस?"

आईला फोन केला. ती जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी शाळेत होती, पहिली ते चौथी एका खोलीत. जोडवर्ग हा शब्द मी तिच्याच तोंडून लहानपणापासून ऐकत आले. ती म्हणाली, "अगं, एका वेळी एकाला तोंड द्यायचं, दुसऱ्याला हात, तिसऱ्याला कान." म्हणजे एकाशी मी बोलणार, दुसरा हाताने काहीतरी करणार किंवा लिहिणार, तिसरा ऐकणार किंवा वाचणार. घरात तीन मुलं आहेत म्हणून तीन शाळा चालवायच्या नसतात. मास्तरीण एकच आहे, तेव्हा वाटणी तिच्या वेळेची करायची. विषयांची वाटणी कशाला?

आमच्याकडे मग हे असं बसलं. सकाळी नऊला आधी धाकटी, वीस मिनिटं. लहान पोराचं पोट भरलं की ते शांत खेळतं, लक्षाचंही तसंच आहे. तिला शेवटी ठेवलंत तर ती सगळ्यांचाच वेळ खाईल. मग मधला पंचवीस मिनिटं, थोरली चाळीस. दीड तासात माझं समोर बसून शिकवणं संपलं. आपली पाळी नसताना ज्याने त्याने करायचं काम आदल्या रात्री काढून ठेवायचं, आणि ते न विचारता होणारंच हवं. मूल सारखं "आई, हे कसं?" म्हणत येत असेल तर मूल आळशी नाही, तुम्ही दिलेलं काम चुकलंय. अडलं तर गणितापुढे चांदणी काढायची आणि पुढे जायचं, एवढा एकच नियम. चांदण्या आपली पाळी आली की सोडवायच्या.

दुसरी चूक माझ्या फार जिव्हाळ्याची. थोरल्याला मास्तर करणं.

पहिल्या पावसाळ्यात मला वाटलं, थोरली हुशार आहे, तिने मधल्याचं गणित बघितलं तर माझी अर्धी कटकट वाचेल. दोघं गॅलरीत बसायची. भांडण नाही, आरडाओरडा नाही. वही बघितली की पानभर बरोबरच्या लाल खुणा. मी खूश. ऑगस्टअखेर सहज त्याच्या शेजारी बसले तर त्याने ५२ वजा २७ असं मांडून उत्तर लिहिलं ३५. म्हटलं, नजरचूक असेल. पुढचं ८१ वजा ४६, उत्तर ४५. विचारलं, हे कसं काढलंस? तो अगदी आत्मविश्वासाने म्हणाला, "ताईने सांगितलंय ना, नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं." दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन घालवले! दोन महिने हेच चाललं होतं. ताई खुणा करत होती, कारण हातच्याची गणितं सोडून बाकीची सगळी बरोबर यायची आणि ती पानावरून नुसती नजर फिरवत होती. दहा वर्षांची पोर होती, आणखी काय करणार?

चूक तिची नव्हतीच. तिला उत्तर येत होतं, पण चुकीचं उत्तर डोक्यात कुठून येतं हे तिला कसं कळणार? ते ओळखणं हेच तर शिकवणाऱ्याचं काम. आणि दुसरं, शांत बसलेलं मूल म्हणजे शिकत असलेलं मूल, ही समजूत माझी होती. दंगा करणारं मूल निदान कुठे अडलंय ते सांगतं तरी.

ते उलगडायला मला तीन आठवडे लागले. वही बंद केली. दहाच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी घेऊन दुकान मांडलं. तुझ्याकडे ५२ रुपये आहेत, पाच नोटा आणि दोन नाणी, मला २७ दे. दोनच नाणी सुटी असल्यावर सात कुठून देणार? नोट मोडावीच लागते. चौथ्या दिवशी तो आपणहून म्हणाला, "आधी सुटे करून आण." हातचा त्याला तिथे कळला. पुन्हा वहीकडे मात्र मी त्यानंतरही आठवडाभर वळले नाही. इथे लोक घाई करतात. मुलाला एकदा जमलं की लगेच पन्नास गणितं. पुन्हा गाडं रुळावरून घसरतं.

मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेण्याची युक्ती काही नवी नाही. १७८९ मध्ये मद्रासच्या एगमोरमधल्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेलने ती सुरू केली, आणि तीही इथलीच मुलं वाळूत अक्षरं गिरवताना बघून. पुढे इंग्लंडमध्ये तिचा मोठा गाजावाजा झाला, कारण एका मास्तरात शेकडो मुलं भागत होती. घोकंपट्टीला ती चालते. समजावून सांगायला नाही. माझ्या घरी थोरलीने धाकटीला गोष्ट वाचून दाखवायची, पाढे म्हणून घ्यायचे, दुकानात गिऱ्हाईक व्हायचं. वही तपासायची नाही. ते माझं काम.

तिसरी चूक: सगळ्यांना सगळं वेगळं शिकवणं. गणित आणि वाचन-लेखन ज्याचं त्याच्या पायरीने, यात तडजोड नाही. बाकी जवळजवळ सगळं एकत्र होतं. पाऊस घ्या. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली वरून कापा आणि तोच तुकडा उलटा करून नरसाळं म्हणून बसवा. तळ खड्ड्याखड्ड्यांचा असतो, म्हणून त्यात खडे टाकून बाटलीवर आखलेल्या मिलिमीटरच्या पट्टीच्या शून्याच्या रेघेपर्यंत पाणी भरा. हे न करता मोजलं की पहिल्याच दिवशी भलताच आकडा येतो. धाकटी रेघा मोजते, मधला रोजचे मिलिमीटर तक्त्यात भरतो, थोरली आठवड्याची सरासरी काढते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे एकदा सांगितलं. मग तिने आमची साठ चौरस मीटरची गच्ची आणि बारा मिलिमीटरचा पाऊस धरून ७२० लिटर काढले आणि वरच्या टाकीकडे बघत बसली. एक बाटली, तीन इयत्ता. याचं ॲप मिळत नाही.

ॲपवरून आठवलं. तिघांसाठी तीन वर्षांचं सबस्क्रिप्शन पहिल्याच आठवड्यात घेऊ नका. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, आधी ती तरी उघडा.

धाकट्याला मोबाइल देऊन मोठ्यांना शिकवू नका. पुढे मोठेही तोच मोबाइल मागतात.

दुपारी जेवणानंतर गणित नको.

भावंडांच्या वह्या शेजारी ठेवून तुलना करू नका, आजी-आजोबांनाही करू देऊ नका. दुसरं कठीण आहे, माहीत आहे.

पुस्तकं बदललेली असतात याचंही भान ठेवा. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आलं आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला. आमच्याकडे मधला 'पन्नास दोन' म्हणायचा आणि थोरली त्याला हसायची. मी दोन्ही चालू दिलं. मराठीत बावन्न म्हणताना दोन आधी ऐकू येतात, म्हणून लहान मुलं २५ लिहून मोकळी होतात. लिहिताना पन्नास दोन, बोलताना बावन्न. धाकटीला मी मुद्दाम तसंच शिकवलं.

शेवटची चूक कागदांची. दोन लहानग्यांच्या गडबडीत थोरलीची दहावी कधी आली हेच कळत नाही. एनआयओएसमधून, म्हणजे शाळेत न जाता परीक्षा देता येते त्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून करायची तर किमान वय १४. तारखा त्यांच्या संकेतस्थळावर दर महिन्याला बघा, इतरांच्या ऐकीव तारखांवर जाऊ नका. टीएमए म्हणजे घरून लिहून द्यायचा स्वाध्याय. त्याला २० टक्के गुण असतात आणि तो बरेच जण शेवटच्या आठवड्यात एका रात्रीत उरकतात. आणि फॉर्म भरायच्या किमान सहा महिने आधी जन्मदाखला आणि आधार कार्ड शेजारी ठेवून नाव अक्षर अक्षर जुळवा. आमच्या थोरलीच्या एका कागदावर वडिलांचं नाव मधे होतं आणि दुसऱ्यावर नव्हतंच. त्यासाठी मी ज्या खिडकीपुढे चार वेळा उभी राहिले, तिथे पाचव्या वेळी तिघांनाही घेऊन गेले आणि मधल्याला रांगेतली माणसं मोजायला लावली.