हृदयविकाराचा झटका ओळखलाच गेला नाही : भरपाईचा दावा करताना या चुका टाळा

रात्री अकराच्या सुमारास छातीत जळजळ, अंगाला घाम आणि डाव्या खांद्यात कळ घेऊन म्हापशातील एखादे गृहस्थ जवळच्या खासगी इस्पितळात जातात, तिथे ‘गॅसेस झाले आहेत’ असे ऐकून इंजेक्शन व गोळ्या घेऊन घरी परततात आणि पहाटे दगावतात. अशा घरातील माणसे बहुधा वर्ष उलटल्यावर वकिलाची पायरी चढतात. तोवर त्यांच्या हाती मृत्यूचा दाखला, फार्मसीची दोन बिले आणि मोबाईलवर काढलेला केस पेपरचा एक पुसट फोटो एवढेच उरलेले असते. दाव्याचा कस मात्र त्या रात्रीच्या घड्याळावर लागायचा असतो. रुग्ण किती वाजता पोहोचला, त्याने कोणती लक्षणे सांगितली, ईसीजी केव्हा काढला, तो पुन्हा काढला की नाही आणि घरी कोणाच्या सांगण्यावरून व किती वाजता पाठवले, या प्रश्नांना कागदोपत्री उत्तर नसेल, तर दुःख कितीही खरे असले तरी दावा लंगडा पडतो.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे निदान चुकले म्हणजेच हलगर्जीपणा झाला, असे धरून चालणे. कायदा तसे मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालच्या जेकब मॅथ्यू खटल्यात स्पष्ट केले, की त्या क्षेत्रातील सामान्य कौशल्याच्या डॉक्टरने जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली गेली की नाही, एवढेच पाहायचे असते. निर्णयातील प्रामाणिक चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. हृदयविकाराच्या बाबतीत हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण झटक्याच्या सुरुवातीला काढलेला ईसीजी अगदी सर्वसाधारण दिसू शकतो आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे ट्रोपोनिन हे प्रथिन वाढायलाही काही तास लागतात. म्हणून ‘ईसीजी काढला होता, त्यात काही नव्हते’ हा डॉक्टरांचा बचाव ऐकायला भक्कम वाटतो. तो तपासण्याची जागा वेगळी आहे. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी आल्यापासून १० मिनिटांत निघावा, पहिला ईसीजी सर्वसाधारण असूनही दुखणे थांबत नसेल तर तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढावा आणि ट्रोपोनिनची चाचणी काही तासांच्या अंतराने परत करावी, ही वैद्यकातील प्रस्थापित रीत आहे. एकच ईसीजी, एकच चाचणी आणि अर्ध्या तासात घरी रवानगी असा क्रम कागदांवर दिसला, तर तक्रारीला खरा आधार मिळतो.

याच संदर्भात दुसरी गोष्ट पाहावी लागते. मधुमेही, वयस्क आणि स्त्री रुग्णांमध्ये छातीतील ठरावीक कळ नसतेच कित्येकदा. दम लागणे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, जबड्यात कळ, उलटी किंवा नुसता थकवा एवढीच लक्षणे असतात. आम्लपित्त म्हणून औषध देण्याची चूक नेमकी अशाच रुग्णांत अधिक होते. त्यामुळे मधुमेह, रक्तदाब किंवा आधीची अँजिओप्लास्टी यांची माहिती डॉक्टरांना दिली होती का आणि ती केस पेपरवर उतरली आहे का, हे तपासावे. मात्र गावातील साध्या दवाखान्याच्या डॉक्टरला हृदयरोगतज्ज्ञाची मोजपट्टी लावण्यात अर्थ नाही. त्याने वेळीच पुढे पाठवायला हवे होते का, एवढाच प्रश्न तिथे उरतो. गोव्यात २०१८ पासून परिघावरील सरकारी केंद्रांत काढलेला ईसीजी दूरस्थ पद्धतीने वाचून घेण्याची, हृदयाच्या वाहिनीतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच देण्याची आणि नंतर रुग्णाला बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) हलवण्याची व्यवस्था उभी राहिली आहे. तेव्हा ‘रात्री तज्ज्ञ उपलब्ध नव्हते’ हे उत्तर सरकारी केंद्राकडून आले, तर ते निमूटपणे मान्य करण्याचे कारण नाही.

कागद जपण्यातील चुका

ईसीजीची पट्टी बहुधा थर्मल कागदावर, म्हणजे शाईऐवजी उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर, छापलेली असते. ती उन्हात, प्लास्टिकच्या पिशवीत किंवा गोव्याच्या दमट पावसाळ्यात कपाटात राहिली, तर हळूहळू फिकी पडते आणि दीड-दोन वर्षांनी सुनावणीच्या दिवशी हातात कोरा कागद येतो. ती टिकावी म्हणून हौसेने लॅमिनेट करून आणणारेही असतात. उष्णतेने थर्मल कागद काळा पडतो आणि पुरावा आपल्याच हाताने नष्ट होतो. त्याच दिवशी स्वच्छ झेरॉक्स आणि स्कॅन काढून मूळ पट्टी कोरड्या कागदी पाकिटात ठेवणे, एवढे साधे काम पुढे फार उपयोगी पडते.

इस्पितळाकडे संपूर्ण नोंदी मागणे ही निकड असते आणि नेमके तेच काम तेराव्यापर्यंत, मग चतुर्थीपर्यंत पुढे ढकलले जाते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत नोंदी द्याव्या लागतात, आणि त्या तीन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन आहे. मागणी तोंडी करू नये. लेखी अर्ज देऊन प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्यावी. अर्जात केवळ ‘रिपोर्ट’ न मागता कॅज्युअल्टीची नोंदवही, परिचारिकेच्या नोंदी, सर्व ईसीजी, रक्ततपासणीचे वेळेसह अहवाल आणि रुग्णाला दुसरीकडे पाठवल्याचे पत्र यांचा नावानिशी उल्लेख करावा. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांतच पुसले जाते, म्हणून ते राखून ठेवण्याची विनंती पहिल्याच पत्रात हवी. रुग्णाला १०८ च्या रुग्णवाहिकेने हलवले असल्यास तिच्या नोंदीतील वेळाही मागाव्यात; इस्पितळाने लिहिलेली वेळ आणि रुग्णवाहिकेची वेळ जुळत नाही, असे आढळले तर ते मोलाचे ठरते. सरकारी इस्पितळ दाद देत नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो आणि त्यावर ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते.

शवविच्छेदनाला नकार देणे ही चूक समजण्यासारखी आहे, तरी ती चूकच आहे. घरच्यांना देहाची चिरफाड नको असते आणि अंत्यसंस्काराची घाई असते. पण मृत्यू हृदयविकारानेच झाला, हे पुढे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो आणि समोरचा पक्ष पहिला हल्ला तिथेच चढवतो. झटका येऊन थोडाच वेळ झाला असेल, तर स्नायूवरील बदल शवविच्छेदनातही स्पष्ट दिसत नाहीत. तरीही हृदयाच्या रोहिणीतील गुठळी किंवा अरुंद झालेली वाहिनी नोंदली जाते. रुग्ण वाचला असेल, तर इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालातील हृदयाच्या पंपिंगची टक्केवारी हाच हानीचा पुरावा, म्हणून आधीचा एखादा इको अहवाल घरात असेल तर तो शोधून काढावा.

नुकसान आणि चूक यांचा सांधा जुळवणे अनेक तक्रारींत राहूनच जाते. निदान वेळीच झाले असते तर काय बदलले असते, हे सांगावे लागते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून १२ तासांच्या आत उपयोगी मानले जाते आणि ते जितके लवकर मिळेल तितका लाभ अधिक. रुग्ण दुखणे सुरू झाल्यावर दोन तासांत पोहोचला होता, की दोन दिवस घरगुती उपाय करून आला होता, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

चुकीचे दार ठोठावणे

रागाच्या भरात बहुतेक जण आधी पोलीस ठाणे गाठतात. फौजदारी गुन्ह्यासाठी साधा नव्हे, तर घोर निष्काळजीपणा लागतो, आणि दुसऱ्या सक्षम डॉक्टरचे विश्वसनीय मत जोडल्याशिवाय खासगी फिर्याद ऐकू नये, असे जेकब मॅथ्यू निकालाने सांगितले आहे. गोवा वैद्यकीय परिषद डॉक्टरवर शिस्तभंगाची कारवाई करू शकते, परंतु भरपाईचा एक रुपयाही मिळवून देऊ शकत नाही. भरपाईसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालील जिल्हा आयोग हा बहुतेकांसाठी योग्य मार्ग आहे. तक्रारदार जिथे राहतो तिथेही तक्रार करता येते. त्यामुळे काणकोणच्या कुटुंबाने बेळगावच्या इस्पितळाविरुद्ध दाद मागण्यासाठी बेळगावला खेटे घालण्याची गरज नाही. कोणत्या स्तरावरील आयोग, हे मागितलेल्या रकमेवर नव्हे, तर सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते. ती ५० लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगच.

पूर्णपणे मोफत सेवा देणारे सरकारी इस्पितळ मात्र ग्राहक कायद्यात येत नाही, असे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने ठरवले. त्याच निकालाप्रमाणे काही रुग्णांकडून पैसे घेणाऱ्या इस्पितळातील मोफत रुग्णांनाही संरक्षण मिळते, आणि गोमेकॉत २०१८ पासून परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले. त्यामुळे गोमेकॉ ग्राहक कायद्यात येते का, या मुद्द्यावर वकिलाचे मत घ्यावे. नुसत्या तर्कावर तक्रार उभी करू नये. दिवाणी दाव्याची वेळ आलीच, तर सरकारला दोन महिन्यांची आगाऊ नोटीस द्यावी लागते आणि मृत्यूच्या प्रकरणात मुदत दोनच वर्षांची असते, हे ध्यानात ठेवावे.

ग्राहक आयोगापुढील मुदतही दोन वर्षांचीच. वकिलाने नोटीस पाठवली, वैद्यकीय परिषदेत चौकशी चालू आहे किंवा इस्पितळाशी बोलणी सुरू आहेत, यांपैकी कशानेही ती थांबत नाही. विलंब माफ होऊ शकतो, परंतु त्याला सबळ कारण द्यावे लागते. वारस कोण ते नोंदवणारा वारसा दस्त हाती येईपर्यंत थांबणेही नको; मृताची पत्नी आणि सर्व मुले तक्रारदार म्हणून एकत्र दाखल झाली, की मागाहून एखाद्या भावाच्या हरकतीने घोळ होत नाही.

तज्ज्ञाचे मत प्रत्येक प्रकरणात लागतेच असे नाही. २०१० च्या किशन राव निकालाने तसे म्हटले आहे. तरीही ईसीजीचे वाचन हा विषय आयोगाच्या सदस्यांवर सोडून देण्यासारखा नाही. गोवा लहान आहे, डॉक्टर एकमेकांना ओळखतात आणि लेखी मत द्यायला सहसा कोणी पुढे येत नाही. म्हणून कोल्हापूर, बेळगाव किंवा मुंबईच्या हृदयरोगतज्ज्ञाकडे प्रयत्न करावा.

शेवटची चूक आपल्या बाजूची अडचण लपवण्याची. रुग्णाने दाखल व्हायला नकार दिला होता आणि वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी जात असल्याच्या कागदावर सही केली होती, ही गोष्ट वकिलालाही न सांगणारी कुटुंबे आहेत. तो कागद इस्पितळ पहिल्याच उत्तरासोबत जोडणार असते. त्यावरील मजकूर इंग्रजीत होता का, तो रुग्णाला मराठी-कोंकणीतून समजावला होता का, झटक्याची शक्यता त्यात लिहिली होती का आणि सही कोणी, किती वाजता केली, हे तक्रारीच्या पहिल्याच मसुद्यात मांडलेले असावे.