संक्रांतीला हाताने विणलेलं वाण देताय? या चुका टाळा

दिवाळी संपली की कोणाला ना कोणाला वाटतंच, यंदा हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे नि स्टीलच्या वाट्या नकोत, स्वतःच्या हाताने विणलेलं काहीतरी देऊया. कल्पना छानच आहे. पण मग यूट्यूबवर दोन व्हिडिओ बघून दादरहून पाच रंगांची लोकर आणली जाते, आणि जानेवारी येतो तेव्हा अर्धा मफलर सुईवर लटकत असतो. आणि मुंबईत तो मफलर घालणार कोण? आपल्याकडची थंडी म्हणजे पहाटे पंखा एकवर.

त्यामुळे पहिली चूक वस्तू निवडण्यातच होते. कोस्टर, मोबाईलचं पाऊच, कीचेनला लावायला छोटं हार्ट, ऑफिसात ख्रिसमसला सीक्रेट सांता असेल तर झाडावर टांगायचा बोटभर मोजा, एवढंच घ्या. आणि आकडा आधी ठरवा. साधारण ९-१० सेंटीमीटरचा चौकोनी कोस्टर म्हणजे २० टाके नि ४० ओळी, म्हणजे ८०० टाके. बिल्डिंगमधल्या २५ जणींना द्यायचा तर २०,००० टाके झाले! रथसप्तमीपर्यंत वेळ असतो हे मान्य, तरी नव्याने शिकणारीने हे अंगावर घेऊच नये. अगदी जवळच्या चार-पाच जणींना विणलेलं द्या, बाकीच्यांना वाट्या. कोणी काही म्हणत नाही.

आता सुयांचा नंबर, यात सगळ्यात जास्त घोळ होतो. आपल्याकडे दुकानात जो नंबर चालतो तो सहसा जुना ब्रिटिश, त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकन नंबर बरोब्बर उलटे, तिथे ८ म्हणजे ५ मिलिमीटर. व्हिडिओतली बाई अमेरिकेत बसून आठ म्हणते, आपण दुकानात जाऊन "काका, आठ नंबरच्या सुया द्या" म्हणतो, काका बिचारे बरोबरच देतात, आणि पाऊच असं होतं की त्यात मोबाईल सोडा, रिक्षाचे सुट्टे पैसेही जेमतेम मावतील. नंबर विसरा, मिलिमीटर विचारा.

लोकर घेताना संक्रांत आहे म्हणून काळी उचलू नका. साडी काळी नेसा हो, पण काळ्या लोकरीत टाका दिसतच नाही, ट्यूबलाइटखाली तर नाहीच, आणि दिसला नाही तर चूक सापडणार कशी. शिकायला फिका रंग, गुळगुळीत धागा, केसाळ फॅन्सी लोकर नको. कोस्टरला कॉटनच घ्या, कारण अ‍ॅक्रिलिक म्हणजे शेवटी प्लास्टिक, त्यावर गरम पातेलं कोणीतरी ठेवणारच. आणि अ‍ॅक्रिलिकवर कडक इस्त्री तर अजिबात फिरवू नका, वीण चपटी होऊन लुळी पडते ती पडतेच. एकापेक्षा जास्त गुंडे लागणार असतील तर पट्टीवरचा लॉट नंबर सारखा आहे ना बघून घ्या, नाहीतर एकाच पाऊचवर दोन गुलाबी.

विणायला बसल्यावर पहिली तक्रार येते ती म्हणजे टाके वाढतात. घातले २०, झाले २३. बहुतेक वेळा चोर ओळीच्या सुरुवातीला असतो. धागा सुईच्या वरून मागे ओढला गेला की पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय सुईवर चढतात, ते दोन टाके वाटतात आणि आपण दोन्ही विणून मोकळे. धागा आधी खाली ओढा, मग सुईखालून मागे न्या. दुसरं कारण म्हणजे उलट टाक्यावरून (तो धागा पुढे ठेवून विणतात) सुलटवर (तो धागा मागे ठेवून) जाताना धागा मागे न्यायचा राहतो, मग सुईवर फुकटचा वेढा पडतो नि खाली भोक दिसतं. सुरुवातीला प्रत्येक ओळीनंतर टाके मोजा, कंटाळा आला तरी मोजा.

टाका सुटला की लगेच सगळं उसवायचं नाही. आधी त्या मोकळ्या फासात सेफ्टी पिन अडकवा म्हणजे तो आणखी खाली पळणार नाही. मग सुलट बाजू आपल्याकडे करून बघा, फासाच्या वर आडव्या धाग्यांची शिडी दिसेल. क्रोशाची सुई पुढून फासात घालायची, सगळ्यात खालचा आडवा धागा पकडायचा, फासातून बाहेर ओढायचा, मग त्याच्या वरचा, असं करत वर आलं की टाका परत सुईवर. एकदा जमलं की भीतीच जाते.

ट्रेनमध्ये विणणाऱ्यांनी ओळ अर्धवट सोडू नये, पण दादर आलं की सोडावीच लागते. मग घरी गेल्यावर कुठल्या दिशेने जायचं कळत नाही. ओळीच्या मधोमध असाल तर गुंड्याकडे जाणारा धागा ज्या सुईवरून निघतो ती उजव्या हातात. सुयांच्या टोकांना रबरबँड गुंडाळा, गर्दीत टाके निसटत नाहीत.

कडा गुंडाळल्या जातात ही मात्र तुमची चूक नाही. एक ओळ सुलट, एक उलट अशा विणीचा तो स्वभावच आहे, कितीही दाबून ठेवा. प्रत्येक ओळ सुलट विणली तर कापड सपाट बसतं, म्हणून कोस्टरला तेच बरं. पाऊचला त्याच विणीची चार टाक्यांची बॉर्डर द्या. सुरुवातीची कड आवळली जात असेल तर दोन सुया एकत्र धरून टाके घाला नि मग एक काढून घ्या, शेवटी बंद करताना एक साइज जाड सुई वापरा.

आणि शेवटी गाठ मारून धागा कापू नका प्लीज. सहा इंच शेपूट ठेवा, बोथट सुईने मागच्या बाजूला विणीत आत-बाहेर ओवा, मगच कापा, कारण वाण धुतलं जाणारच आहे. लाल कॉटन असेल तर देण्याआधी घरी एकदा धुवून बघा, रंग गेला तर आपल्या बादलीत जाऊ दे, काकूंच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर नको.