५१ विरुद्ध ४९ : पुनर्विकासाच्या मतदानानंतर सोसायटी फुटू नये म्हणून

ठराव मंजूर होतो, पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवसापासून निम्मी बी विंग ए विंगशी बोलेनाशी होते. नौपाड्यापासून नेरूळपर्यंत पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांत हे आता सर्रास दिसतं. याच्या मुळाशी साधं गणित आहे. पूर्वी अशा ठरावाला ७५ टक्के बहुमत लागायचं. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने ते ५१ टक्क्यांवर आलं. म्हणजे साठ घरांच्या इमारतीत पूर्वी ४५ जण एका बाजूला आणावे लागत, आता ३१ पुरतात. राहिलेल्या २९ जणांनाही घर मात्र रिकामं करायचंच असतं.

एवढ्याशा फरकाने अख्खा देश कसा दुभंगतो हे ब्रिटनने दाखवलं. २३ जून २०१६ च्या सार्वमतात युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने ५१.८९ टक्के मतं पडली, विरोधात ४८.११. निकाल एका रात्रीत लागला, पण प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडला आणि मधल्या काळात दोन पंतप्रधान पायउतार झाले. देशाचं सार्वमत आणि सोसायटीचा ठराव यांची बरोबरी होत नाही, हे खरं. पण राग कशामुळे मुरतो याची कारणं दोन्हीकडे बरीचशी सारखी आहेत, म्हणून पुढे सार्वमतांचे दाखले घेतले आहेत.

हे टिपण कमिटीसाठी आहे, त्यातही जिंकलेल्या बाजूच्या. हरलेल्यांनी समजुतीने घ्यावं ही अपेक्षा सगळेच करतात आणि ती सहसा फुकट जाते.

सुरुवातीलाच एक खुलासा. नवी मुंबईत सिडकोने बांधलेल्या बऱ्याच इमारतींत सहकारी सोसायटी नसून अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन असते. तिथे १९७० चा अपार्टमेंट मालकी कायदा आणि तुमचं घोषणापत्र चालतं, सहकार कायद्याचं कलम ७९अ नाही. टक्केवारी आणि प्रक्रिया वकिलाकडून वेगळी तपासून घ्या. माणसं सांभाळण्याचा भाग मात्र तोच.

पहिले तीन दिवस : आकड्यांवरचा वाद मिटवा

राग शमवायच्या आधी संशय काढावा लागतो. सभा संपल्यावर चोवीस तासांच्या आत फलकावर आणि ग्रुपवर एकच कागद लावा: एकूण सभासद ६०, हजर ५२, ठरावाच्या बाजूने ३३, विरोधात १७, तटस्थ २, बाद ०. बेरीज जुळलीच पाहिजे. खाली चेअरमन आणि सेक्रेटरीच्या सह्या हव्यातच, शिवाय विरोधात मत दिलेल्या एका सभासदाचीही सही घ्या, 'मोजणी माझ्यासमोर झाली' एवढ्याच अर्थाची. ही सही मागायला सेक्रेटरीने स्वतः घरी जावं, वॉचमनच्या हाती कागद पाठवू नये.

बाद मतांचा आकडा शून्य असला तरी छापायचा. ३० ऑक्टोबर १९९५ ला कॅनडातल्या क्युबेक प्रांताने स्वतंत्र व्हायचं की नाही यावर मतदान केलं. 'नको'वाले ५४,२८८ मतांनी जिंकले आणि बाद ठरवलेल्या मतपत्रिका होत्या ८६,५०१. फरकापेक्षा बाद मतं जास्त! त्या बाद मतांवरून पुढे कितीतरी वर्षं धुसफूस चालू राहिली. सोसायटीत हाच घोळ सहसभासदाच्या मतावरून होतो. पती-पत्नी दोघांच्या नावावर घर आणि दोघांनीही हात वर केला, किंवा मूळ सभासद गेलेला आणि वारसनोंद झालेली नाही. अशी मतं धरली की नाही आणि सोसायटीच्या कोणत्या उपविधीनुसार (नियमानुसार), हे त्याच कागदावर दोन ओळींत लिहा.

सभेचं चित्रीकरण नियमानेच करायचं असतं. त्याची प्रत पाहण्यासाठी दोन दिवस आणि वेळ ठरवून द्या, कुणी अर्ज करण्याची वाट पाहू नका. इतिवृत्तात 'सर्वानुमते' हा शब्द सवयीने पडतो. तो इथे आला की पहिली तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे गेलीच म्हणून समजा. ज्यांना विरोध नावानिशी नोंदवून हवा आहे त्यांचा विरोध त्यांच्याच शब्दांत नोंदवा.

व्हॉट्सॲपचा मुख्य ग्रुप आठवडाभर 'फक्त ॲडमिन' ठेवायला हरकत नाही, पण आधी कळवून. मग त्या आठवड्यात ॲडमिननेही सूचनांपलीकडे काही टाकायचं नाही. नव्या टॉवरचे चित्रातले स्विमिंग पूल तर नकोतच. विरोधकाचा एखादा मेसेज काढून टाकला तर त्याचा स्क्रीनशॉट दहा मिनिटांत सगळ्यांकडे पोचतो, आणि मग मूळ मुद्दा राहतो बाजूला.

ठरलं काय, उरलं काय

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ब्रिटनच्या मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते: संघात राहायचं की सोडायचं. सोडायचं तर कसं, व्यापाराचे नियम कोणते, आयर्लंडच्या सीमेचं काय, यातलं काहीच त्यावर नव्हतं. परिणामी जिंकलेल्यांतही चार तट पडले. २७ मार्च २०१९ ला संसदेत आठ पर्याय मतदानाला आले आणि आठही फेटाळले गेले. १ एप्रिलला पुन्हा चार आले, तेही पडले. हरलेल्यांना वाटत राहिलं की अजून काहीच ठरलेलं नाही, जिंकलेल्यांना वाटत राहिलं की सगळं ठरलंय. दोघांचंही अर्धं बरोबर होतं.

तुमच्या ठरावाचंही बहुतेक वेळा असंच असतं. 'पुनर्विकास करावा' एवढंच मंजूर झालेलं असतं. पण तिसऱ्या मजल्यावरचे काका समजतात की आता अमुक बिल्डरच येणार, आणि तळमजल्याच्या काकूंना खात्री असते की आपल्याला अठराव्या मजल्यावर टाकणार. म्हणून एका कागदावर दोन रकाने करा आणि घरोघरी द्या. डाव्या रकान्यात ठरलेलं: पुनर्विकास होणार, सल्लागार नेमण्याचा अधिकार कमिटीला. बस. उजव्या रकान्यात न ठरलेलं, आणि हा रकाना जाणूनबुजून लांब ठेवा: बिल्डर कोण, वाढीव चटई क्षेत्र किती, कॉर्पस (बिल्डरकडून सभासदांना मिळणारी ठोक रक्कम) किती, बांधकामाच्या काळात राहायच्या घराचं भाडं किती आणि त्यात दरवर्षी वाढ किती, दलालीचे आणि सामान हलवण्याचे पैसे कोण देणार, मजला-वाटप चिठ्ठ्या टाकून की सध्याच्या क्रमाने, पार्किंग कुणाला, बँक गॅरंटी, काम रखडलं तर दंड, नव्या इमारतीचा मासिक मेंटेनन्स अंदाजे किती. प्रत्येक ओळीपुढे 'कधी ठरणार' आणि 'कोण ठरवणार' लिहा. तारीख सांगता येत नसेल तर 'बिल्डर-निवडीच्या सभेत' असा टप्पा लिहा.

हा कागद वाचल्यावर विरोधातले निम्मे लोक शांत होतात असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण भांडण कशावर आहे हे त्यांनाही नेमकं सांगता येतं, आणि तिथून बोलणं सुरू होतं. चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतीत महिना शे-पाचशेच्या मेंटेनन्समध्ये भागवणाऱ्या निवृत्त माणसाला लिफ्ट, पोडियम, पंप, जनरेटर यांचा मासिक खर्च ऐकून घाम फुटतो. त्याचा विरोध पुनर्विकासाला नसून त्या बिलाला असतो. कॉर्पसच्या व्याजातून किती भार उचलला जाईल याचा हिशेब त्याला कागदावर दाखवावा लागतो. 'काका, काळजी करू नका' म्हणून भागत नाही.

स्ट्रक्चरल ऑडिटच्या अहवालाची प्रतही सोबत द्या. इमारत सी-१, म्हणजे अतिधोकादायक असेल तर चर्चेची दिशाच बदलते. सी-२ किंवा सी-३, म्हणजे दुरुस्तीने भागण्यासारखी असताना कमिटी 'पडायला आली' म्हणत फिरली असेल, तर ते आत्ताच दुरुस्त करा.

जिन्यागणिक बैठका

पुन्हा मोठी सभा बोलावू नका. मोठ्या सभेत माणूस आपल्या गटासाठी बोलतो. एका जिन्याचे सात-आठ जण, दीड तास, शनिवारी संध्याकाळी सहाला किंवा रविवारी साडेदहाला. कामाच्या दिवशी रात्री नको, लोकलमधून उतरून आलेला माणूस आधीच करवादलेला असतो. जागा शक्यतो विरोधात मत दिलेल्याच्या घरची, त्यांची तयारी असेल तर. बैठक चालवणारा कमिटीबाहेरचा असावा आणि त्याने मतदानाआधी ग्रुपवर तलवार चालवलेली नसावी.

पहिल्या फेरीत प्रत्येकाला दोन मिनिटं, मध्ये कुणी उत्तर द्यायचं नाही. सेक्रेटरीने फक्त लिहायचं आणि शेवटी वाचून दाखवायचं. समजा काकू म्हणाल्या, ''भाडं अकरा महिन्यांचं देतील हो, बाराव्या महिन्यात बिल्डरने फोन उचलला नाही तर मी या वयात कुठे जाऊ?'' तर वहीत 'भाड्याबाबत शंका' असं लिहू नका. लिहा: 'पहिल्या मुदतीनंतरचं भाडं थकलं तर काय, याची हमी करारात हवी.' मग विचारा, ''काकू, असंच ना?'' त्या हो म्हणाल्या की ते वाक्य वकिलाकडच्या यादीत जातं, आणि करारात ते कोणत्या कलमात आलं हे काकूंना पुढे कळवायचं.

आयर्लंडने गर्भपाताच्या प्रश्नावर हीच रीत सार्वमताच्या आधी वापरली. चिठ्ठ्या काढल्यासारखी निवडलेली ९९ सामान्य माणसं आणि एक अध्यक्ष तज्ज्ञांना प्रश्न विचारत पाच शनिवार-रविवार बसले. नंतर २५ मे २०१८ च्या सार्वमतात घटनेतली गर्भपातबंदी उठवण्याच्या बाजूने ६६.४ टक्क्यांचा कौल आला. तुमचं पहिलं मतदान होऊन गेलंय, पण बिल्डर-निवड आणि करारनाम्याची मंजुरी ही दोन अजून यायची आहेत. जिन्यांच्या बैठका त्यांच्या आधी पूर्ण करा.

विरोधकांना खरं काम द्या

सात जणांची छाननी समिती करा आणि त्यात किमान तीन विरोधात मत दिलेले घ्या. एकच घेतलात तर त्याला फितूर म्हणतील. त्यांच्याकडे निविदांचा तुलनातक्ता द्या आणि बिल्डरच्या पूर्ण झालेल्या तीन प्रकल्पांना भेटी देण्याचं काम द्या. तिथे बिल्डरच्या माणसाला सोबत न घेता जुन्या सभासदांना गाठायचं: भाडं दर वेळी तारखेला मिळालं का, भोगवटा प्रमाणपत्र ताब्याआधी मिळालं का, वरच्या मजल्यांना पाण्याचा दाब कसा, ठरलेलं चटई क्षेत्र टेप लावून मोजलं का. संशयी माणूस हे काम उत्साही माणसापेक्षा सरस करतो.

कमिटीची निवडणूक मात्र या ठरावाशी जोडू नका. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं यावर जनमत कौल झाला. विलीनीकरणाला १,३८,१७० मतं, विरोधात १,७२,१९१. कौल निःपक्ष व्हावा म्हणून विलीनीकरणवादी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांच्या सरकारने आधीच राजीनामा दिला होता. कौल त्यांच्या विरोधात गेला आणि दोन-अडीच महिन्यांत झालेल्या निवडणुकीत त्याच गोव्याने पुन्हा त्यांनाच सत्ता दिली. 'हरलात, आता कमिटी सोडा' म्हणणाऱ्यांना हे जरूर ऐकवावं. तसंच चोख हिशेब ठेवणारा खजिनदार केवळ विरोधात मत दिलं म्हणून घालवू नये.

मत पुन्हा कधी घ्यायचं

नुसता राग आहे म्हणून घेऊ नका; मग दर सहा महिन्यांनी घ्यावं लागेल. चुकीच्या माहितीवर मत घेतलं गेलं असेल, तर मात्र कुणी कोर्टात जाण्याआधी स्वतःहून घ्या. स्वित्झर्लंडमध्ये विवाहितांच्या करावरचा प्रस्ताव २०१६ मध्ये अगदी थोड्या फरकाने पडला. सरकारने ८०,००० कमावत्या जोडप्यांवर परिणाम होतो असं सांगितलं होतं; खरा आकडा ४,५४,००० निघाला आणि एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मतदानच रद्द केलं. सभेत सांगितलेलं वाढीव क्षेत्र आणि सल्लागाराच्या अहवालातलं क्षेत्र यांत मोठा फरक निघाला, तर तो लपवून पुढे जाणं महागात पडतं. अल्पमतातल्यांनी घर अडवून धरल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने बहुमताच्या बाजूने अनेकदा निकाल दिले आहेत हे खरं, पण त्या भरवशावर प्रक्रियेत ढिलाई केली की अडवणाऱ्याच्या हाती आयता मुद्दा मिळतो.

बारीकसारीक सूड मात्र पहिल्या दिवसापासून थांबवा. विरोधकाच्या छतातून गळती होत असेल तर 'आता पाडायचीच आहे' म्हणून दुरुस्ती टाळू नका. ताबा सोडेपर्यंत ती कमिटीची जबाबदारी आहे. निषेध म्हणून कुणी मेंटेनन्स थांबवला तर उपविधींप्रमाणे व्याज लावा, ग्रुपवर थकबाकीदार म्हणून नाव झळकवू नका. गणपतीची वर्गणी नेहमीच्याच माणसांनी नेहमीसारखी सगळ्या घरी मागायची. भाडेकरूंना मत नसतं, पण घर त्यांनाही सोडावं लागतं, म्हणून तारखा त्यांनाही कळवा.

इमारत रिकामी झाली की लोक कळव्यापासून घणसोलीपर्यंत पांगतात आणि सगळं फोनवर येतं. तेव्हा दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोघांनी साइटवर जायचं, एक बाजूने मत दिलेला आणि एक विरोधात. त्याच संध्याकाळी दोघांच्या नावाने एक पानी पत्रक: कितव्या मजल्याचा स्लॅब पडला, तारीख दिसेल असे तीन फोटो, भाडं कोणत्या दिवशी जमा झालं आणि कुणाचं झालं नाही. दोघांचं एकमत नसेल तर दोन्ही मतं छापा. काम बंद असेल त्या महिन्यातही पत्रक निघालंच पाहिजे.