काळी दारू आणि तिचे आधुनिक पर्याय: ठासणीच्या बंदुकीत या चुका टाळा

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी भरायच्या बंदुकीने निशाणेबाजी करणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. बार उशिरा लागतो, चार-पाच बारांनंतर गोळी नळीत उतरेनाशी होते, आठवड्याभराने नळीत तांबूस डाग दिसतात. दोष बंदुकीच्या माथी मारला जातो, पण खोट बहुधा दारू वापरण्याच्या पद्धतीत असते. पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन किंवा ब्लॅकहॉर्न 209 हे पर्याय काळ्या दारूची जागा घेतात, पण त्यांचा स्वभाव वेगळा आहे. त्यांना काळ्या दारूच्याच सवयींनी हाताळलं की अडचणी सुरू होतात.

धूरविरहित दारू म्हणजे पर्याय नव्हे

ही चूक जिवावर बेतते. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1884 मध्ये धूरविरहित दारू तयार केली आणि काडतुसांचं जग बदललं. ती नायट्रोसेल्युलोजची (नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेल्या कापसासारख्या तंतूंची) असते आणि तेवढ्याच मापात काळ्या दारूच्या कितीतरी पट दाब निर्माण करते. ठासणीच्या नळीत ती भरली तर नळी फुटू शकते, मग बंदूक कितीही नवी असो. ब्लॅकहॉर्न 209 सुद्धा नायट्रोसेल्युलोजवर आधारलेली आहे, म्हणून ‘थोडी धूरविरहित चालत असेल’ असा अर्थ कुणी काढू नये. ती ठासणीच्या बंदुकांसाठीच तयार केलेली आहे, इतर धूरविरहित दारू नाही. दाण्यांच्या रंगावरून काहीही ओळखता येत नाही. लेबल नसलेल्या डब्यातली दारू कधीच भरू नका, आणि दोन प्रकार एकत्र करू नका.

वजन नको, माप हवं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, त्यामुळे जरा सावकाश पाहू. ठासणीच्या बंदुकीची मात्रा ‘ग्रेन’मध्ये सांगतात. एक ग्रेन म्हणजे साधारण 0.065 ग्रॅम, म्हणजे 100 ग्रेन काळी दारू साधारण साडेसहा ग्रॅम भरते. पर्यायांच्या बाबतीत मात्र ‘100 ग्रेन’ म्हणजे 100 ग्रेन काळी दारू जेवढी जागा व्यापते तेवढं माप. पायरोडेक्स हलकी असते. त्याच पितळी मापात ती भरून तराजूवर ठेवली तर काटा सुमारे 70 ग्रेनवर थांबतो. आता कुणी काटेकोरपणाच्या हौसेने तराजूवरच 100 ग्रेन पायरोडेक्स मोजली, तर नळीत ठरल्यापेक्षा चाळीस टक्क्यांहून जास्त दारू गेली.

ट्रिपल सेव्हनचं आणखी वेगळं. तिच्यात गंधक नाही आणि सारख्या मापात ती काळ्या दारूपेक्षा जास्त जोर देते. काळ्या दारूइतकाच वेग हवा असेल तर माप सुमारे 15 टक्के कमी करावं, म्हणजे 100 च्या जागी 85. बंदूक बनवणाऱ्याने आणि दारू बनवणाऱ्याने दिलेल्या कमाल मर्यादांपैकी जी कमी, तीच आपली मर्यादा.

दाण्याचा आकारही तपासा. डब्यावर जितके ‘एफ’ जास्त तितका दाणा बारीक, आणि बारीक दाणा लवकर जळून दाब वाढवतो. चार एफची दारू चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) बंदुकीत रंजक म्हणून, म्हणजे मुख्य बाराला आग पोचवायला बाहेर टाकायची दारू म्हणून, वापरायची असते, मुख्य बारासाठी नाही.

बार उशिरा लागतो किंवा लागतच नाही

खरी काळी दारू सहज पेटते. पर्यायांना पेटायला जास्त उष्णता लागते. चकमकीच्या ठिणग्यांवर ते भरवशाने पेटत नाहीत, त्यामुळे चकमकीच्या बंदुकीत खरी काळी दारूच वापरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. टोपीच्या बंदुकीत (घोडा आदळताच पेटणारी छोटी धातूची टोपी लावतात ती) अकरा नंबरच्या टोपीवर पर्यायी दारू चालते, पण दमट हवेत किंवा निपल (टोपी बसते ती छोटी पोकळ नळी) थोडा तुंबला असला की चाप ओढल्यावर आधी ‘टक्’ आणि मग क्षणभराने ‘धडाम’ असं होतं. ब्लॅकहॉर्नला तर 209 प्रायमरच (शॉटगनच्या काडतुसात असतो तो, टोपीपेक्षा उष्ण ज्योत देणारा) लागतो, टोपीवर तिची परीक्षा घेऊ नका.

दारू बदलण्याआधी वाट मोकळी आहे का ते पाहा. साठवणीचं तेल निपलमध्ये उतरून बसलेलं असतं. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, रेंजवर सुरक्षित दिशेला नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ धरा आणि नुसती टोपी उडवा. पातं हललं तर वाट मोकळी आहे. हललं नाही तर निपल काढून साफ करा.

दाबलेल्या गोळ्यांच्या स्वरूपातली पायरोडेक्स वापरत असाल तर तिची काळी बाजू प्रायमरकडे गेली पाहिजे. त्या टोकाला सहज पेटणारा थर असतो. ठासताना या गोळ्यांचा चुरा होऊ देऊ नका.

बार लागला नाही तर किमान एक मिनिट नळीचं तोंड निशाण्याच्या दिशेनेच ठेवा. आत निखारा धुमसत असू शकतो. याच कारणाने दारूच्या शिंगातून किंवा कुपीतून थेट नळीत ओतू नये. आधी मापात, मग नळीत.

गोळी उतरत नाही

काळ्या दारूच्या वजनाचा अर्ध्याहून जास्त भाग जळल्यावर घनरूपात मागे उरतो. काही धुरातून बाहेर जातो, बाकीचा नळीला चिकटतो. त्यावर खनिज तेल लावलं की डांबरासारखा चिकटा तयार होतो. मधमाशांचं मेण आणि चरबी किंवा वनस्पती तेल यांचं वंगण वापरा. ट्रिपल सेव्हनमध्ये दारूच्या थोडं वर एक टणक कडं जमतं. ठासायचा गज तिथे अडतो आणि वाटतं, गोळी दारूवर बसली. प्रत्यक्षात मध्ये पोकळी राहिलेली असते. अशा वेळी बार काढला तर नळी फुगू शकते. गजावर भरलेल्या आणि रिकाम्या नळीच्या खुणा करून ठेवा, खूण जुळेपर्यंत टोपी लावूच नका. प्रत्येक बारानंतर एक ओलसर आणि एक कोरडा फडका फिरवला तर हा त्रास बहुतांशी टळतो.

‘हिने गंज येत नाही’ हा भ्रम

पर्यायी दारू स्वच्छ जळते या समजुतीने लोक सफाई दुसऱ्या दिवसावर ढकलतात. पायरोडेक्समध्ये पोटॅशियम परक्लोरेट असतं. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड हे क्षार उरतं, हवेतली ओल धरतं आणि पोलादाला खातं. तेल हे क्षार विरघळवत नाही, पाणी विरघळवतं. म्हणून काळी दारू, पायरोडेक्स आणि ट्रिपल सेव्हनसाठी आधी साबणाचं कोमट पाणी, मग पूर्ण कोरडं करणं, आणि तेल सगळ्यात शेवटी. ब्लॅकहॉर्नला उलट नायट्रोसेल्युलोजचा थर काढणारं सॉल्व्हंट लागतं. तिच्या बाबतीत ब्रीच प्लगमधली (नळीच्या मागच्या टोकाच्या बुचातली) ज्योतीची वाट कार्बनने हळूहळू अरुंद होते, ती मोकळी केली नाही तर पुढे बार चुकायला लागतात.

दुसऱ्या दिवशी नळीतून एक पांढरा फडका फिरवून पाहा. तो तपकिरी निघाला तर क्षार अजून आत आहे, पुन्हा पाण्यापासून सुरुवात करा.