जपानीचा गंध नसताना 'सुकियाकी' कसं गायचं

पहिलं जपानी गाणं कुठलं शिकू असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलंय, क्यू साकामोतोचं 'उए ओ मुइते आरुकोओ', ज्याला जपानबाहेर सगळे 'सुकियाकी' म्हणतात. तीनेक मिनिटांचं गाणं आहे, चाल एकदा कानात शिरली की निघत नाही, शब्द थोडे आणि तेच तेच परत येणारे, आणि मराठी तोंडाला यातले उच्चार खरंच सोपे जातात, दोन-तीन जागा सोडल्या तर. त्या जागांवर मात्र आपण हमखास आपटतो, मी आपटलोय.

आधी शोधताना गोंधळ होतो तेवढा निस्तरू. सुकियाकी ही रश्शात शिजवून खायची मटणाबिटणासारखी, म्हणजे गोमांसाची, डिश आहे आणि गाण्यात तिचा उल्लेखसुद्धा नाही. मूळ नाव इंग्लंडच्या लोकांना जड जाईल म्हणून तिथल्या रेकॉर्ड कंपनीने हे चिकटवलं, एखाद्या विरहगीताला पिठलं-भाकरी नाव द्यावं तसलाच प्रकार. त्यामुळे नुसतं सुकियाकी सर्च केलंत तर केनी बॉलचं ट्रम्पेटवालं जॅझ येईल, १९८१ चं ए टेस्ट ऑफ हनीचं इंग्रजी शब्दांचं संथ व्हर्जन येईल, आणि रेसिपी तर येणारच. शिकायला यातलं काही नको. साकामोतोचं १९६१ चं मूळ रेकॉर्डिंग घ्या आणि दोन दिवस काही न गाता नुसतं ऐका, भांडी घासताना, चालताना, कसंही.

ऐकताना एक गोष्ट लक्षात येईल की गाणं दुःखी वाटतच नाही. शब्द असे आहेत की वर बघत चालू या, म्हणजे डोळ्यातलं पाणी खाली सांडणार नाही, रात्र आहे, माणूस एकटा आहे. शब्द एइ रोकुसुकेचे, १९६० साली जपान-अमेरिका सुरक्षा कराराविरुद्ध जे आंदोलन झालं ते फसलं, त्या निराशेतून त्याला हे सुचलं असं सांगतात. पण नाकामुरा हाचिदाइने चाल दिली ती झुलत चालणारी, आणि गायला १९ वर्षांचा पोरगा जो तोवर एल्व्हिस प्रेस्लीसारखं रॉक अँड रोल गायचा. (रोकु म्हणजे ६, हाचि म्हणजे ८, क्यू म्हणजे ९, म्हणून या तिघांना जपानमध्ये ६-८-९ त्रिकूट म्हणायचे, हे मला फार आवडतं.) तर मुद्दा असा की अर्थ कळला रे कळला की आपण आवाज ओला करतो, ठेका ओढतो, आणि वाट लावतो. मी पहिल्यांदा चार लोकांत गायलो तेव्हा असंच विलंबित ओढलं होतं, एकाने सांत्वन केल्यासारखा खांद्यावर हात ठेवला. साकामोतो १९८५ च्या १२ ऑगस्टला विमान अपघातात गेला, फक्त ४३ वर्षांचा होता, हे कळल्यावर तर अजूनच रडका सूर लागतो. नको. रडू येतंय पण पाणी सांडू द्यायचं नाही असं गाणं आहे हे, त्यामुळे चेहऱ्यावर हसू ठेवूनच गायचं, ओठ हसरे असले की आवाजही आपोआप उचलला जातो.

आता शब्द. नेटवर रोमन लिपीत मिळतात ते बघत गाऊ नका, वहीत देवनागरीत लिहून काढा. जपानीचे स्वर आ, इ, उ, ए, ओ एवढे पाचच, आणि त्यांची मुळाक्षरं पण का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा अशाच क्रमाने लावलेली आहेत, कारण तो क्रम संस्कृतच्या अभ्यासातून, बौद्ध भिक्षूंच्या मार्फत तिकडे गेला. मग एवढी आपली वाटणारी गोष्ट रोमनमधून कशाला आणायची?

पण देवनागरीत एक सापळा आहे. 'नामिदा' म्हणजे अश्रू. हे 'नमिद' लिहिलंत तर मराठी सवयीने शेवटचा अ गिळून नमिद् म्हणाल, आणि 'नामिदा' लिहिलंत तर ना आणि दा लांबवाल. जपानीत आवाज आ चा पण लांबी अ ची, ना-मि-दा तिन्ही सारखी. ए आणि ओ पण आखूड. म्हणून मी वहीत लिहिल्यावर प्रत्येक अक्षराखाली एक टिंब देतो आणि टेबलावर बोटाने तेवढेच ठोके मारत आधी नुसतं वाचतो, सूर नाही काही नाही. जिथे खरंच लांबवायचंय तिथे दोन टिंबं, जसं 'आरुकोओ' मधला को. 'हितोरिपोच्चि' म्हणजे एकटाच, यात जोडाक्षराच्या आधी जो श्वास अडकतो त्यालाही एक टिंब द्या, तो थांबा पूर्ण एका ठोक्याचा असतो.

दुसरी जागा त्सु. 'त्सुकी' म्हणजे चंद्र, हा शब्द शेवटाकडे येतो. इंग्रजीवाले इथे सुकी म्हणून मोकळे होतात, आपल्याला गरजच नाही, 'चुकीचं' मधलं चुकी म्हणा, झालं! चुलीतला च म्हणजे त्सु आणि चहातला च म्हणजे हितोरिपोच्चि मधला च, दोन्ही आपल्या घरातलेच आहेत. आणि एखाद्या ऑटोमॅटिक कन्व्हर्टरमधून शब्द काढले असतील तर 'शिआवासे' म्हणजे सुख, त्याच्यापुढे 'हा' आलेला दिसेल, तो 'वा' म्हणायचा, आणि 'वो' दिसलं तर 'ओ'.

चाल शिकताना हार्मोनियम किंवा मोबाइलमधलं पियानो ॲप घ्या. पहिली ओळ सा सा रे ग सा, मग खाली मंद्रातले ध प. बघा, नुसता भूप! जपानी गाण्यांत म आणि नी गाळून चाल बांधायची पद्धत आहे, योनानुकी म्हणतात, म्हणून ही ओळ पहिल्यांदा ऐकूनच ओळखीची वाटते. आता मोजा, सूर सात आणि 'उ ए ओ मु इ ते' अक्षरं सहा. एक सूर उरतो तो मु ला जातो, ग वर मु आणि लगेच सा वर ऊ. म्हणजे उ, ए, ओ, मु, ऊ, इ, ते. हे एवढं बसलं की पुढची अर्धी गाडी आपोआप चालते कारण चाल पुन्हा पुन्हा तिथेच येते. फक्त 'मुइते'चं म्वीते करू नका, इ ला स्वतःचा सूर आहे.

आणि तो जो मु नंतरचा ऊ आहे तो मिंडेने जोडायचा नाही. आपल्याला सुरावरून सुरावर घसरत जायची सवय, साकामोतो तिथे चक्क उचकी लागल्यासारखं तोडतो, मु-हू, आणि ओळीच्या शेवटी को-हो-हो-हो. ही रॉक अँड रोलची खोड, रोकुसुकेला म्हणे सुरुवातीला हे अजिबात आवडलं नव्हतं. जमवायचं कसं, तर आधी मुद्दाम अति करा, पोट आत ओढत हू, हू, हू असे सुटे धक्के द्या, मग तेच निम्म्या जोराने, मग त्याच्याही निम्म्या. शेवटी धक्का बाहेर ऐकू येण्यापेक्षा आत जाणवला पाहिजे. एक-दोन दिवस हास्यास्पद वाटतं, दार लावून घ्या.

'शिआवासे' वाल्या मधल्या भागात खालचे कॉर्ड बदलतात, तिथे भूपच धरून बसलात तर फसाल. तेवढा भाग मूळ रेकॉर्डसोबत पाच-सहा वेळा गुणगुणून घ्या. तोच भाग दुसऱ्यांदा येतो तेव्हा सुखाच्या जागी 'कानाशिमी' म्हणजे दुःख येतं, आणि ढग-आकाशाच्या जागी तारे-चंद्र, घाईत लोक इथेच अदलाबदल करतात.

राहिली गाण्यातली शिट्टी. जोरात फुंकलं की सूर चढतो, म्हणून फुंकर अगदी हलकी, ओठ ओले, आणि आधी पहिली ओळ नुसत्या शिट्टीवर काढून बघा. हसू आलं की ओठ सुटतात त्यामुळे समोरच्या कुणाकडे बघू नका, वर बघा. नाहीच आली तर तोंड मिटून गुणगुणा, चालतं. रेकॉर्डमध्ये गाणं संपत नाही, शिट्टी लांब जात जात विरते. लोकांसमोर करताना शेवटची ओळ झाल्यावर मी शिट्टी वाजवत माइकपासून एकेक पाऊल मागे जातो, चार पावलांत पुरतं, पण मागे वायर कुठे पडलीय ते आधी बघून ठेवायचं.