कॅम्परमागे ओढायच्या गाडीचं लाइट वायरिंग: या चुका टाळा

डावा इंडिकेटर दिला की उजवा दिवाही मिणमिणतो. कॅम्परचे, म्हणजे पुढे चालणाऱ्या घरगाडीचे, पार्किंग लाइट लावले की मागच्या गाडीचा डॅशबोर्ड उजळतो. दिवसा सगळं ठीक चालतं, रात्री मात्र इंडिकेटर दिसेनासा होतो. चारही चाकं जमिनीवर ठेवून टो बारने (दोन गाड्या जोडणाऱ्या दांड्याने) ओढायच्या गाडीत या तक्रारी हमखास येतात आणि माणूस आधी बल्ब बदलून बघतो. बल्बचा दोष क्वचितच निघतो. इथे एकाच बल्बला दोन गाड्यांकडून करंट मिळतो, आणि तो परत कॅम्परच्या बॅटरीपर्यंत पोचायलाही दोन गाड्या ओलांडाव्या लागतात. म्हणून प्रत्येक वायर जोडण्याआधी दोन गोष्टी बघायच्या: हा करंट आणखी कुठे शिरू शकतो, आणि तो परत कुठून येणार.

डायोड न लावता थेट जोडणं

गाडीच्या टेल लाइटची वायर सोलून त्यात कॅम्परची वायर पिळली की दिवा लागतो, आणि काम झालं असं वाटतं. पण तोच करंट उलटा गाडीच्या आतही जातो: डॅशबोर्डच्या दिव्यांकडे, ब्रेक स्विचकडे, आणि आजच्या गाड्यांत दिवे चालवणाऱ्या कंट्रोल मॉड्यूलकडे. जुन्या गाडीत यातून विचित्र दिवे लागण्यापलीकडे फार काही होत नसे. नव्या गाडीत मॉड्यूल जळू शकतं, आणि त्याच्या किमतीत दहा वेळा वायरिंग झालं असतं.

हा उलटा करंट अडवायला डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लागतो. टो वायरिंगच्या किटमधल्या डायोडच्या डबीला दोन इनपुट आणि एक आउटपुट असतं. गाडीची मूळ वायर कापायची. स्विचकडून येणारं टोक एका इनपुटला, कॅम्परची वायर दुसऱ्या इनपुटला आणि दिव्याकडे जाणारं टोक आउटपुटला. इनपुट-आउटपुटची अदलाबदल झाली तर दिवा लागतच नाही, त्यामुळे ही चूक लगेच कळते. शंका असेल तर मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा: एका दिशेने साधारण 0.5 ते 0.7 दिसायला हवं, उलट दिशेने काहीच नाही. दोन्हीकडे शून्य आलं तर डायोड शॉर्ट झालाय, तो फेकून द्या.

डायोड तापतो हे बरेच जण विसरतात. ब्रेकच्या बल्बचा करंट साधारण 2 अँपिअर आणि डायोडमध्ये पडणारा व्होल्टेज 0.7 धरला, तर दीड वॉट उष्णता त्या छोट्या डबीतून बाहेर पडायला हवी. डिकीच्या कार्पेटखाली किंवा फोममागे डायोड कोंबू नका. तो उघड्या पत्र्यावर स्क्रूने बसवा.

आणखी एक. तुमच्या गाडीत टेल आणि ब्रेकला तेच एलईडी असतील, टेलला मंद आणि ब्रेकला पूर्ण तेजाने, तर बहुधा मॉड्यूल ते वेगाने चालू-बंद करून मंद करतं. अशा दिव्यात डायोडची जोडणी करायला जाऊ नका. त्या मॉडेलसाठीच बनवलेला हार्नेस (वायरींचा तयार जुडगा) मिळत असेल तर तो घ्या. नाहीतर दिव्याच्या घरात कॅम्परसाठी वेगळे बल्ब बसवा, किंवा चुंबकावर बसणारे सुटे टो लाइट वापरा. सुटे दिवे दिसायला गबाळे असतात, पण गाडीच्या एकाही वायरला हात लावावा लागत नाही. वर्षातून एक-दोनदाच गाडी ओढायची असेल तर आमचं मत त्यांच्याच बाजूने.

चुकीच्या जागी वायर कापणं

ब्रेक स्विचपासून मागे एकच वायर येते आणि डिकीजवळ तिच्या डावी-उजवी अशा दोन फांद्या होतात. डायोड फांदी फुटण्याच्या आधी बसवला, तर डावा सिग्नल दिल्यावर दोन्ही बाजू एकदम लुकलुकतात आणि मागच्याला वाटतं हझार्ड लाइट लावलेत. कापायची जागा नेहमी दिव्याजवळ, फांदी फुटल्यानंतर. कापण्याआधी टेस्ट लॅम्पने वायरवर करंट येतो का ते बघा, आणि ती थेट त्याच बाजूच्या होल्डरमध्ये जाते का ते माग काढून तपासा. मॉड्यूलवर चालणाऱ्या सर्किटवर मात्र बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका, तिथे मल्टिमीटरच वापरा. कापताना दोन्ही टोकांना निदान 5-6 सेंटीमीटर वायर मोकळी ठेवा. बॉडीला लागून कापलेल्या वायरवर नंतर क्रिंपिंगची (जोड दाबून बसवायची) पकड पोचत नाही.

ब्रेक आणि इंडिकेटर एकत्र की वेगळे?

अमेरिकन पद्धतीच्या चपट्या 4 पिनांच्या प्लगमध्ये ब्रेक आणि इंडिकेटर एकाच वायरवर येतात. डावी वायर ब्रेकला स्थिर आणि वळताना लुकलुकत राहते, उजवीचंही तसंच. गाडीचा इंडिकेटर मात्र वेगळा, पिवळा असू शकतो. अशा वेळी सर्वांत सोपं म्हणजे कॅम्परच्या दोन्ही वायर गाडीच्या लाल ब्रेक दिव्यांवर आणायच्या आणि पिवळ्या दिव्याला हातच लावायचा नाही. लाल दिवा लुकलुकला तरी तिकडच्या नियमात बसतं. युरोपात मागचा इंडिकेटर पिवळाच लागतो. पण तिथल्या कॅम्परच्या सॉकेटमध्ये ब्रेक आणि इंडिकेटर मुळातच वेगळे असतात, त्यामुळे प्रश्न येत नाही.

चूक होते ती कॅम्परकडून वेगळे सिग्नल येत असताना गाडीला एकत्र हवे असतात तेव्हा. ब्रेकची आणि इंडिकेटरची वायर नुसती एकत्र पिळली, तर ब्रेक दाबलेला असताना इंडिकेटर दिसणारच नाही. शिवाय एका बाजूचा करंट ब्रेकच्या सामायिक वायरमधून दुसऱ्या बाजूला शिरेल. इथे कन्व्हर्टर, म्हणजे सिग्नल एकत्र किंवा वेगळे करून देणारी डबी, हवाच. तो विकत घेताना कोणत्या दिशेचा आहे ते बघा, कारण वेगळ्याचं एकत्र करणारा आणि एकत्राचं वेगळं करणारा, असे दोन प्रकार दुकानात शेजारी-शेजारी टांगलेले असतात.

मागच्या गाडीचं ब्रेक पेडल दाबलं गेलं की इंडिकेटर गायब

ही चूक वायरिंग तपासताना सापडत नाही, रस्त्यावर सापडते. ओढलेल्या गाडीत पूरक ब्रेक यंत्रणा असेल तर ती पेडल दाबते. पेडल दाबलं की गाडीचा स्वतःचा ब्रेक स्विच चालू होतो आणि डायोडमधून दोन्ही लाल दिवे स्थिर पेटतात. त्याच दिव्यांवर कॅम्परचा इंडिकेटर लुकलुकायला बघतो, पण पेटलेला दिवा आणखी काय पेटणार? वळणाआधी ब्रेक मारताना, म्हणजे इंडिकेटरची सर्वांत गरज असते नेमकी तेव्हा, तो दिसत नाही.

उपाय म्हणजे पाच पायांचा रिले (करंटने चालणारा स्विच). ब्रेक स्विचकडून दिव्यांकडे जाणारी फांदी 30 आणि 87ए या पायांमधून न्यायची. रिलेला करंट नसताना हे दोन पाय जोडलेले असतात, म्हणून एरवी ब्रेक लाइट नेहमीसारखे चालतात. 85 आणि 86 या कॉइलच्या पायांना केबलमधल्या 12 व्होल्टच्या लाइनवरून करंट दिला की ओढताना फांदी तुटते. कॉइल पार्किंग लाइटच्या वायरवर जोडू नका, दिवसा रिले चालूच होणार नाही. आणि रिले ब्रेक स्विचच्या तोंडाशीही नको. तोच सिग्नल कंट्रोल मॉड्यूलला आणि ऑटोमॅटिक गिअरच्या लॉकलाही जातो. तिथे तोडला तर डॅशवर चेतावणीचा दिवा येतो किंवा गिअर 'पी'मधून हलत नाही. फक्त मागच्या दिव्यांची फांदी तोडा.

अर्थ (करंटची परतीची वाट) टो बारच्या भरवशावर सोडणं

सगळ्या तक्रारींचं माहेरघर हेच. टो बार लोखंडी आहे, दोन्ही गाड्यांना बोल्टने जोडलाय, मग वेगळी अर्थ वायर कशाला? कारण त्या बारवर पावडर कोटिंग आहे, त्याच्या पिना सैल आहेत, सांध्यांत ग्रीस आणि माती आहे. उभ्या गाडीत तो अर्थ चालतो, खड्ड्यात हलला की तुटतो.

आकडे मांडू. मागचा दोन फिलामेंटचा बल्ब ब्रेकला सुमारे 2.1 आणि टेलला 0.6 अँपिअर घेतो. दोन बाजूंचे मिळून 5.4 अँपिअर, नंबर प्लेटचा दिवा धरला तर जवळपास 6. सिग्नलच्या वायरींत हा करंट वाटला जातो, पण परत येताना सगळा एकट्या अर्थच्या वायरमधून येतो. तिच्या एका गंजलेल्या जोडात 0.2 ओहम विरोध असला तर तिथेच 1.2 व्होल्ट गेले. फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगाने पडतो: 12.8 व्होल्टपैकी एकच व्होल्ट कमी झाला तरी प्रकाश साधारण पाव भागाने घटतो. मागून येणाऱ्याला तुमचा ब्रेक टेल लाइटसारखा दिसायला लागतो.

अर्थ पूर्ण तुटला की गंमत आणखी वाढते. दोन फिलामेंटना बल्बच्या बुडाशी एकच अर्थ असतो. तो मिळाला नाही तर ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेला करंट टेलच्या फिलामेंटमधून उलटा निघतो, टेलच्या सामायिक वायरने दुसऱ्या बाजूच्या दिव्यात शिरतो आणि तिथून घरी जातो. डावा इंडिकेटर दिल्यावर उजवा मिणमिणतो तो असा. एक दिवा लावला की दुसऱ्यावर परिणाम होतोय असं दिसलं, की बल्बकडे न जाता अर्थकडे जा.

सिग्नलसाठी 1.5 स्क्वेअर एमएम आणि अर्थसाठी 2.5 स्क्वेअर एमएमची वायर घ्या. ती केबलच्या अर्थ पिनपासून थेट दिव्याजवळच्या पत्र्यापर्यंत न्या. पत्र्यावरचा रंग चमकता धातू दिसेपर्यंत खरवडा, रिंग टर्मिनल, स्टार वॉशर आणि बोल्ट घट्ट आवळा, वरून ग्रीस फासा. प्लास्टिकच्या बंपरला धरणारा बोल्ट बॉडीपर्यंत पोचतोच असं नाही, तो टाळा.

रंगावर विश्वास

चपट्या 4 पिनांच्या प्लगमध्ये पांढरी अर्थ, तपकिरी टेल, पिवळी डावी, हिरवी उजवी. आता कॅम्परच्या 7 पात्यांच्या सॉकेटमागे बघा: अनेक कॅम्परमध्ये तिथे हिरवी टेलची, लाल डावीची, तपकिरी उजवीची आणि पिवळी रिव्हर्सची असते. तपकिरीला तपकिरी जोडली की उजवीकडे वळताना गाडीचे दोन्ही टेल लाइट लुकलुकतात. युरोपीय 7 पिनांच्या सॉकेटमध्ये काळी डाव्या टेलची आणि तपकिरी उजव्या टेलची. अमेरिकन 7 पात्यांच्या सॉकेटमध्ये काळीवर थेट बॅटरीचे 12 व्होल्ट असतात. रंग बघून नाही, एकेक दिवा लावून पिन ओळखा आणि कागदावर टिपून घ्या.

जोड आणि केबल

वायर न सोलता चिमटीत दाबायचे प्लास्टिकचे टॅप जोड गाडीखाली वापरू नका. त्यांचं पातं तांब्याच्या काही तारा कापतं आणि पाणी आत ओढतं. दोन पावसाळ्यांनंतर तो उघडलात तर आत तांबं काळं पडून भुगा झालेलं दिसेल. आतून गोंद असलेल्या हीट श्रिंकचे (गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीचे) क्रिंप जोड घ्या. पत्र्याच्या भोकात ग्रोमेट (रबरी कडं) हवाच. सायलेन्सरपासून लांब राहा, आणि दाराच्या पट्टीखालून वायर नेताना पिवळ्या आवरणातला एअरबॅगचा हार्नेस दिसला तर त्याला बांधू नका.

केबलची लांबी सरळ उभ्या गाड्यांवर मोजू नका. कॅम्पर पूर्ण वळवून मोजा, दोन्ही बाजूंना. सरळ असताना ती जमिनीला टेकता कामा नये.

वेगळे बल्ब बसवताना

दिव्याच्या घरात भोक पाडण्याआधी घर बाहेर काढून होल्डर आत धरून बघा. भोक लाल कप्प्यातच हवं, पांढऱ्या रिव्हर्सच्या कप्प्यात नाही. बल्बची काच प्लास्टिकपासून निदान 2-3 सेंटीमीटर लांब राहिली पाहिजे, नाहीतर लांबच्या प्रवासात लेन्सवर वितळलेला फुगा येतो. पायऱ्यांचं ड्रिल बिट हळू फिरवा, किस आत पडू देऊ नका, आणि गॅस्केटभोवती सिलिकॉन लावा. आत धुकं साचायला लागलं तर ते भोकातून, हे ओळखायला वेळ लागणार नाही.

दोष शोधायचा क्रम

आधी केबल काढा आणि कॅम्परच्या सॉकेटवर एकेक पिन तपासा. इथे मल्टिमीटर फसवतो: एकाच तारेवर लटकलेली गंजकी वायरसुद्धा त्याला पूर्ण 12 व्होल्ट दाखवते, कारण मीटर करंटच घेत नाही. 21 वॉटचा बल्ब लावून बघा, तो भगभगीत पेटला तरच पिन चांगली. मग केबल जोडा, सगळे दिवे लावा, आणि एक जाड सुटी वायर कॅम्परच्या अर्थपासून गाडीच्या दिव्याच्या अर्थला टेकवा. दिवे एकदम उजळले तर दोष अर्थमध्ये. अशा वेळी ती सुटी वायर काढून मल्टिमीटर त्याच दोन ठिकाणी लावल्यावर 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसतील. फरक पडला नाही तर प्लगच्या पिना बघा. हिरवट थर असेल तर बारीक सँडपेपरने घासा, चीर असलेली गोल पिन सुरीच्या टोकाने किंचित फाकवा आणि डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावा.

निघण्याआधी पार्किंग, ब्रेक आणि डावा इंडिकेटर तिन्ही एकदम लावा, मग उजवा. त्याच स्थितीत कोणाला तरी मागच्या गाडीचं पेडल हाताने दाबायला सांगा. केबल काढून गाडीचे स्वतःचे दिवेही एकदा बघा. आणि पहिल्या थांब्यावर खाली वाकून केबलच्या पोटाला डांबराने घासल्याची रेघ पडली आहे का ते बघा.